परिसर अभ्यास, तालुका कळवण

आठवीच्या इतिहासात सविनय कायदेभंगाचा धडा आहे. जिथे समुद्र नव्हता तिथे लोकांनी मिठाऐवजी जंगलाचे कायदे मोडले, हे सांगताना त्यात बिळाशी, संगमनेर, चिरनेर, पुसद यांच्या रांगेत कळवणचे नाव येते. नाव येते आणि धडा पुढे सरकतो. १९३० साली या डोंगरांत काय घडले, जंगलात कोण शिरले, त्यांना गवत-लाकूडफाटा का मिळत नव्हता, यातले काहीच तिथे नाही. एका राज्याच्या पुस्तकात सगळ्या तालुक्यांच्या कहाण्या मावणार नाहीत, हे मान्य. पण ज्या मुलाच्या आज्या-पणज्याने तो सत्याग्रह पाहिला असेल, त्या मुलासाठी तरी त्या नावापुढची ओळ शाळेत कुठेतरी लिहिली जायला हवी. ती कोण लिहितो, केव्हा लिहितो, आणि बहुतेकदा ती का लिहिली जात नाही, हा माझ्या मते प्राथमिक शाळेतल्या विज्ञान आणि समाजशास्त्राचा मूळ प्रश्न आहे.

आधी अभ्यासक्रम काय आहे ते पाहू. पहिली-दुसरीत हे विषय वेगळे नसतात, ते भाषेत आणि खेळात मिसळलेले असतात. तिसरीत ‘परिसर अभ्यास’ हा विषय सुरू होतो. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली बालभारती तिसरीचे हे पुस्तक जिल्हावार काढते, म्हणजे नाशिकच्या मुलाच्या हातात नाशिक जिल्ह्याचे पुस्तक आणि चंद्रपूरच्या मुलाच्या हातात चंद्रपूरचे. पाणी, हवा, अन्न, निवारा, शरीर, दिशा, गाव, कुटुंब असे सगळे त्यात एकत्र येते. चौथीत दोन भाग होतात. पहिल्या भागात विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकमेकांत विणलेले असतात, तर दुसरा भाग शिवछत्रपतींच्या चरित्राचा. पाचवीतही दोन भाग. पहिला सूर्यमालेपासून संसर्गजन्य रोगांपर्यंत जातो. दुसरा मागे वळून थेट सजीवांची उत्क्रांती, अश्मयुग, शेतीची सुरुवात आणि पहिल्या गाववसाहतींपर्यंत पोचतो. सहावीपासून विषय फुटतात. सामान्य विज्ञान वेगळे, भूगोल वेगळा, इतिहास व नागरिकशास्त्र वेगळे. सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग, आठवीत आधुनिक काळ.

ही रचना मला आवडते. जवळच्याकडून दूरच्याकडे जाणे, पाण्याचा विषय निघाला की बाष्पीभवन, विहीर, नळयोजना आणि पाणी वाया न घालवण्याची जबाबदारी एकाच धड्यात हाताळणे, हे शहाणपणाचे आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा धागा त्यात दिसतो आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचाही. तिसरीचे पुस्तक जिल्ह्याचे असावे, हा निर्णय तर फार मोलाचा. अडचण पुढची आहे. जिल्हा हाही फार मोठा परिसर असतो. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. इगतपुरी-सुरगाण्याचा धो-धो पाऊस आणि येवला-नांदगावचा टँकर या दोन्हींना पुरेल असे एक पुस्तक लिहायचे म्हटले की लेखकाला सर्वसाधारण बोलावेच लागते. आणि कळवण तर एकट्यातच दोन मुलूख घेऊन बसलेला तालुका. पश्चिमेला कनाशी, दळवटकडे डोंगर, भात, नागली, वरई आणि कोकणा, भिल्ल, महादेव कोळी यांची वस्ती. पूर्वेला गिरणेच्या खोऱ्यात कांदा, ऊस, डाळिंब, टोमॅटो. जिल्ह्याच्या पुस्तकाने दार उघडून दिले आहे. आत जायचे काम शाळेचे.

आत गेले तर काय काय आहे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण ‘आमच्याकडे दाखवायला काही नाही’ हे वाक्य शिक्षकांकडून फार वेळा ऐकू येते.

सुरुवात पाण्यापासून करू. गिरणा केमच्या डोंगरात उगम पावते. त्याच डोंगराळ भागातून नार आणि पार या नद्या पश्चिमेला उतरून गुजरातेत जातात, आणि गिरणा पूर्वेला वळून कळवण, मालेगाव करीत जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. पाऊस एकाच डोंगरावर पडतो, पण धारेच्या अलीकडचा थेंब एका खोऱ्यात आणि पलीकडचा दुसऱ्या खोऱ्यात. जलविभाजक म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. दळवटच्या मुलाला ती शाळेच्या अंगणातून बोट दाखवून शिकता येते. आणि तो नुसता भूगोल राहत नाही. पश्चिमेला वाहून जाणारे पाणी गिरणेत वळवण्याच्या नार-पार-गिरणा नदीजोड योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली, खर्च ७,०१५ कोटी रुपये. पाणी वर उचलायला वीज लागते, वीज कुठून येते, हे विज्ञान. पाणी कोणाला मिळणार, कोणाच्या जमिनीतून जाणार, हे नागरिकशास्त्र. दोन्ही प्रश्न घरात, पारावर, बाजार समितीत रोज बोलले जातात. ते फक्त वर्गात येत नाहीत.

अभोण्याजवळचे चणकापूर धरण १९११ सालचे. इंग्रजांनी हे धरण इथे का बांधले, मातीचे धरण पाणी कसे अडवते, पाटाचे आवर्तन म्हणजे काय, खाली मालेगावसारख्या शहराला इथले पाणी कसे जाते, हे चौथीच्या पाण्याच्या धड्याशी नेमके जुळते. तीच गोष्ट पुनद नदीवरच्या अर्जुनसागरची. त्या धरणातून सटाणा शहराला जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला कळवणमधून जोरदार विरोध झाला. एका गावची तहान आणि दुसऱ्या गावची शेती यांत न्याय कसा करायचा, हा प्रश्न मोठ्या माणसांनाही सोपा गेला नाही. पाचवीच्या मुलांनी त्याचे उत्तर द्यावे अशी अपेक्षा नाही. दोन्ही बाजू मांडता याव्यात, एवढी आहे. सार्वजनिक सुविधा, नियम आणि आपले प्रश्न आपण सोडवणे हे पाचवीच्या अभ्यासक्रमातच आहे.

याच भागाला पाणी वाटून घेण्याची फार जुनी रीत ठाऊक आहे. शेजारच्या बागलाणात मोसम आणि आरम, पुढे धुळ्याकडे पांझरा, या नद्यांवर फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी सगळ्यांना पाळीने. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, त्यांचा मोबदला गावाने ठरवायचा. सहकार, स्थानिक शासन आणि सिंचन हे तिन्ही शब्द पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी जगून दाखवले आहेत. सहावीत ग्रामपंचायत शिकताना एखाद्या जुन्या बंधाऱ्यावर नेऊन आधी फड समजावला तर ग्रामपंचायत नुसती व्याख्या राहणार नाही.

आता दगड. सहावीच्या भूगोलात खडक आणि त्यांचे प्रकार येतात, सातवीत समोच्च रेषांचा नकाशा. सातमाळा रांग तालुक्याच्या दक्षिणेला उभी आहे. सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, कण्हेरगड, आणि पूर्वेकडे धोडप. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेला लाव्हा थरावर थर साचत थंड झाला, त्याचा हा काळा कातळ. सप्तशृंगीच्या कड्यावर हे थर आडव्या पट्ट्यांसारखे खालूनही दिसतात. धोडपच्या माथ्यावर एक भिंतीसारखा उभा कातळ आहे आणि त्यात मधे एक खाच. उभ्या भेगेत शिरलेला लाव्हा तिथेच घट्ट झाला, पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि हा उरला. अग्निजन्य खडक, झीज, काळाचे परिमाण हे सगळे त्या एका भिंतीत वाचता येते. समोच्च रेषांसाठी तर सप्तशृंगी गडासारखा नमुना नाही. जिथे रेषा एकमेकींना चिकटतात तिथे कडा, जिथे लांब जातात तिथे पठार. नांदुरीहून गडावर पायऱ्यांनी चढलेल्या मुलाला हे पायांनी आधीच कळलेले असते, त्याला फक्त कागदावर उतरवायला शिकवायचे आहे.

सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना, एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो, आणि उतरणाऱ्याचे वजन चढणाऱ्याला हात देते. सहावीच्या विज्ञानात साधी यंत्रे आहेत: तरफ, कप्पी, उतरण. विहिरीच्या रहाटाची चित्रे मुले पिढ्यान्‌पिढ्या काढत आली, आणि अनेकांनी चालता रहाट कधी पाहिलेला नसतो. ट्रॉली त्यांनी पाहिलेली असते. कप्पी आणि उतरण दोन्ही तिच्यात एकत्र आहेत. चैत्रोत्सवाला खानदेशातून पायी येणारी दिंडी आणि ही ट्रॉली एकाच गडावर, एकाच आठवड्यात. वाहतुकीचा धडा यापेक्षा सजीव कसा होईल?

आणि कांदा. उन्हाळ कांदा एप्रिलच्या आसपास निघतो आणि पावसाळाभर चाळीत राहतो. चाळ जमिनीपासून उंच का, भिंती बांबूच्या किंवा फटींच्या का, रुंदी एका मर्यादेपलीकडे का वाढवत नाहीत, कांदा ओला भरला तर काय होते, काजळी कशाने येते. हवेचे अभिसरण, बाष्प, बुरशी, श्वसन हे सगळे चाळीत आहे. पाचवीत अन्न टिकवण्याच्या पद्धती आहेत, सातवीत अन्नाची सुरक्षा आहे. तिथे मुले वाळवणे, खारवणे, उकळणे, थंड करणे हे चार शब्द पाठ करतात, आणि ज्या घरात वर्षाचे उत्पन्न चाळीतल्या हवेवर अवलंबून असते त्या घरातला मुलगा ‘कांदा चाळ’ हे उदाहरण उत्तरपत्रिकेत लिहायला कचरतो, कारण ते पुस्तकात नाही. हे कचरणे तो शाळेतच शिकला आहे, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. पुढे भाव का पडला, निर्यात का थांबली, बाजार समितीत लिलाव कसा होतो, हे अर्थशास्त्र तर त्याला बोलून दाखवता येते.

इतिहासाकडे वळू. चौथीचे शिवचरित्र हे महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षणातले सर्वात जिवंत पुस्तक आहे, यात शंका नाही. बाजीप्रभू, मुरारबाजी, तानाजी ही नावे ज्याला आयुष्यात दुसरा इतिहास आठवत नाही त्यालाही आठवतात. पण याच सातमाळेत कण्हेरगडावर रामजी पांगेरा सातशे माणसांनिशी दिलेरखानाच्या फौजेशी लढला, असे सभासद बखर सांगते. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांची दिंडोरी परिसरात दाऊदखानाशी गाठ पडली, आणि १६७२ मध्ये शेजारच्या साल्हेरला मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवले. हे सगळे कळवणच्या शाळेपासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. चौथीचा धडा शिकवताना शिक्षकाने हे सांगितले तर मुलाला कळते, नाहीतर स्वराज्य पुण्याच्या आणि रायगडच्या बाजूला घडले अशी त्याची समजूत होते.

सहावीत इतिहासाची साधने शिकवतात: भौतिक, लिखित, मौखिक. कण्हेरगडाची तटबंदी भौतिक, बखर लिखित, आणि वाड्यांवर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी मौखिक. तिन्ही साधने शेजारी ठेवून त्यांतले काय जुळते आणि काय जुळत नाही हे पाहणे, हीच इतिहासाची खरी सुरुवात. पाचवीच्या अश्मयुगासाठीही फार लांब जायला नको. नाशिकजवळ गंगापूर इथे गोदावरीकाठी दगडी हत्यारे सापडली, ह. धी. सांकळियांनी त्यांचा अभ्यास केला. गिरणेकाठीच, खाली चाळीसगाव तालुक्यात, बहाळला ताम्रपाषाण काळातली वस्ती उत्खननात मिळाली. आपल्या दारावरून वाहणारे पाणी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या गावावरून पुढे जाते, हे दहा वर्षांच्या मुलाला सांगून पाहावे. स्थिर जीवनाची सुरुवात म्हणजे काय, हे मग वेगळे समजावावे लागत नाही.

पश्चिम पट्ट्यातल्या मुलांचे ज्ञान हा याहून नाजूक विषय. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात मार्गशीर्षात पावरी वाजते, रात्र-रात्र गाणी चालतात, त्यांत डोंगर, धान्य, पाऊस, जनावरे यांचा क्रम सांगितला जातो. नागली कधी पेरायची, राब कसा भाजायचा, कोणती भाजी पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी उगवते आणि कोणती कच्ची खाऊ नये, हे सात-आठ वर्षांची मुलगी घरात शिकलेली असते. आश्रमशाळेत ती येते तेव्हा हे सगळे घरी ठेवून येते. तिची बोली कोकणा, पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी, आणि वनस्पतींची वर्गीकरणे तिसऱ्याच भाषेत. कळवणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, त्याच्याखाली आश्रमशाळा आहेत, निवास-जेवणाची व्यवस्था आहे. पण परिसर अभ्यास हा विषय परिसरापासून उचलून वसतिगृहात आणलेल्या मुलांना शिकवायचा, ही त्या शाळांची मूळची अडचण आहे आणि तिच्यावर अजून पुरेसा विचार झालेला नाही. पालक द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेले की साध्या शाळेतल्या मुलांचीही तीच स्थिती होते, ती परिसरासह शाळा सोडून जातात. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. शाळा मुलांच्या कामाच्या जागी नेली. तो विचार आजही ताजा आहे.

आता मूळ प्रश्न. इतके सगळे दाराशी असताना ते वर्गात का येत नाही? शिक्षकांच्या आळसावर बोट ठेवणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. मला कारण मोजणीत दिसते. प्राथमिक शाळेत जे मोजले जाते ते शिकवले जाते, आणि पाचवीपर्यंत परिसर अभ्यास जवळजवळ कुणी मोजत नाही. ‘असर’चे सर्वेक्षण वाचन आणि गणित पाहते. निपुण अभियानाचे लक्ष्य तेच, वाचन आणि संख्याज्ञान. राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. शिष्यवृत्ती परीक्षा भाषा, गणित, तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणीची. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा. शाळेचे नाव, केंद्रातला क्रमांक, पालकांचा विश्वास, सगळे या परीक्षांवर ठरते. त्यांपैकी एकीतही गिरणा नाही, कातळ नाही, ग्रामपंचायत नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात पाचवीला आणि २०२४ च्या ‘परख’ सर्वेक्षणात सहावीला हा विषय होता, पण ती नमुन्याची पाहणी, एका शाळेच्या दारात तिचे उत्तर परत येत नाही.

मग परिसर अभ्यासाच्या तासाला काय होते? तो दुसरा वाचनतास होतो. धडा मोठ्याने वाचला जातो, स्वाध्यायाची उत्तरे फळ्यावरून वहीत उतरतात, प्रकल्पवहीत विकत आणलेली चित्रे चिकटतात. क्षेत्रभेट वर्षातून एकदा सहलीच्या नावाने होते. यात वाचन सुधारत असेल, तेवढे तरी बरे. पण मूल पाहायला, मोजायला, विचारायला शिकत नाही. आणि मग आठवीत अचानक एनएमएमएसची शिष्यवृत्ती परीक्षा समोर येते. तिच्या १८० गुणांत सामान्य विज्ञानाला ३५ आणि समाजशास्त्राला ३५. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळवून देणारी ही परीक्षा कळवणसारख्या तालुक्यासाठी फार मोठी आहे. ज्या विषयांचा पाया तिसरी ते पाचवीत दुर्लक्षित राहिला, त्याच विषयांवर तिथे पैसे ठरतात. तेव्हा गाईड आणि सराव प्रश्नसंच येतात, आणि समजण्याची वेळ निघून गेलेली असते.

शिक्षकांची बाजूही ऐकावी लागेल. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले. म्हणजे वाडीवरच्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग. त्याने चौथीला नदीवर नेले तर तिसरीला कोण पाहणार? सहावी ते आठवीला कायदा विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांसाठी स्वतंत्र शिक्षक सांगतो. पण शाळेची शिक्षकसंख्या ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या वर्गांना विषयशिक्षक मिळणार की नाही, यावर राज्यभर वाद झाला. डोंगरातल्या शाळांचा पट कमीच असणार. तिथे विज्ञान शिकलेला शिक्षक नसेल, तर सहावीचे चुंबक आणि आठवीची आम्ले-आम्लारी मुले कशी हाताळणार?

तरीही अडचणीतून वाट निघते, हे दाखवणारी उदाहरणे जवळच आहेत. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादमध्ये १९७२ साली १६ शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो अनेक जिल्ह्यांत नेला. मुले गटाने प्रयोग करीत, निष्कर्ष स्वतः लिहीत. मला त्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट प्रयोगांची वाटत नाही, परीक्षेची वाटते. त्यांनी परीक्षा पुस्तक उघडे ठेवून घेतली आणि तिला प्रात्यक्षिकाची जोड दिली. परीक्षा बदलली म्हणून वर्ग बदलला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला, पण सरकारी शाळांत, साध्या शिक्षकांकडून, स्वस्त साहित्यात हे तीस वर्षे चालले, हे विसरण्यासारखे नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी निरीक्षणावर उभी असलेली पुस्तके तयार केली. ग्राममंगलने ऐन्यात, सृजन आनंद विद्यालयाने कोल्हापुरात, परिसर हाच वर्ग मानून काम केले. ही कामे लहान राहिली, कारण सार्वत्रिक परीक्षा त्यांच्या बाजूने नव्हत्या.

सरकारी पुस्तकातही मधे एक चांगली संधी आली होती. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत, प्रत्येक धड्यानंतर कोरी पाने घालून देण्यात आली. त्या पानांवर ‘माझी नोंद’ असे छापलेले होते. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्यामागचा हेतू, आणि तो नीट साधला नाही म्हणून २०२५ मध्ये ही पाने बंद झाली. पण त्या पानावर मुलाने आपल्या विहिरीची पातळी, आपल्या चाळीतला सडका कांदा, आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट लिहिली असती, तर तालुक्याचे पुस्तक मुलांच्या हातांनी तयार झाले असते. बहुतेक ठिकाणी तिथे प्रश्नोत्तरे उतरली. कोऱ्या पानावर काय लिहायचे हे कुणी सांगितले नव्हते.

आता पुन्हा बदल चालू आहे. २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्याने तिसरी ते पाचवीसाठी सभोवतालचे जग हा एकच विषय ठेवला आहे, राज्याचा शालेय अभ्यासक्रम आराखडा २०२४ मध्ये आला, आणि नवी पाठ्यपुस्तके २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येऊ लागली. तिसरीचे जिल्हावार पुस्तक या बदलात टिकले पाहिजे, हे मी ठामपणे म्हणतो. एकसारखेपणाच्या सोयीसाठी ते गेले तर पन्नास वर्षांची कमाई जाईल. चौथीच्या शिवचरित्राबद्दल समाज जागा असतो, ते कुणी हलवू देणार नाही. तिसरीच्या जिल्ह्याच्या पुस्तकासाठी कुणी रस्त्यावर उतरणार नाही, म्हणून ते जपण्याची जबाबदारी शिक्षकांवर आणि आपल्यासारख्या वाचकांवर जास्त आहे.

आणि एक काम नव्या पुस्तकांची वाट न पाहता करता येईल. डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. पाचवीला परिसर अभ्यासाच्या दोन्ही भागांची मिळून एक परीक्षा आहे, ५० गुणांची, त्यांतले काही तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे. पाचवीपर्यंत शाळेच्या हातात असलेली ही एकमेव ठोस मोजणी आहे. तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे गुण आज बहुधा भरून टाकले जातात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक दुपार बसून कळवणच्या शिक्षकांनी ठरवले, की हे गुण परिसरातच मिळतील, तर पुढचे आपोआप घडू लागेल. अभोण्याच्या मुलाने धरणाचा पाट कुठून निघून कुठे जातो याचा हाताने नकाशा काढावा. दळवटच्या मुलीने एका रानभाजीबद्दल ती कधी उगवते, कशी ओळखायची, कच्ची का खात नाहीत हे तिच्या बोलीत सांगावे आणि मराठीत लिहावे. बेजच्या मुलाने दोन चाळींतला कांदा वजन करून कुठे जास्त सडला आणि का, हे मांडावे. नांदुरीच्या मुलांनी गडावरच्या दुकानदारांना विचारून ट्रॉलीने कोणाचा धंदा वाढला आणि कोणाचा बसला हे लिहावे. चणकापूरच्या मुलांनी गावातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाकडून जंगलाच्या कायद्याच्या दिवसांबद्दल जे ऐकायला मिळेल ते उतरवून घ्यावे, आणि ते कोणी, कधी, कोणाकडून ऐकले तेही खाली नोंदवावे. त्या वह्या वर्षाअखेरीला रद्दीत न देता केंद्रशाळेच्या कपाटात ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पाचवीला आधीच्या नोंदी तपासून पाहता येतील आणि जिथे चूक असेल तिथे दुरुस्त करता येतील.